शिकागो ते नाशिकरोड, मार्गे कसारा

दाजी,

तेराव्याला वाचायला तुमच्याबद्दल चार ओळी लिहून द्या, असं तुमच्या कॉलनीतल्या मंडळींनी मला सांगितलं. शाळेत शिकवते ना मी. दिल्या लिहून. मनमिळाऊ, परोपकारी, कर्तव्यदक्ष, नोकरीत एकही मेमो नाही. तुमचे चुलतभाऊ अप्पा यांनी त्या खणखणीत आवाजात वाचल्या, लोकांनी माना डोलावल्या आणि गोडाचं जेवून सगळे आपापल्या घरी गेले. मनमिळाऊ हा शब्द लिहिताना मला हसू येत होतं. तुम्ही कधी मनमिळाऊ होतात? तुम्ही हेकट होतात. पाहुणा दारात चप्पल काढतोय तोच त्याची परतीची गाडी किती वाजता आहे ते सांगायचात. समोरचा त्याचं दुखणं सांगत असला तरी तुमचा एक डोळा घड्याळावर असायचा. मेहुणी म्हणून मला तुमची थट्टा करायचा हक्क होता आणि तो मी पुरेपूर वापरला. थट्टेच्याही पुढे गेले, पण त्याकडे येते.

हे जे आता लिहितेय ते कुणाला वाचून दाखवायचं नाही. तुम्ही गेलात त्या सकाळी तुमच्याच अंगणात, तुमच्याच उशाशी काय झालं, ते तुम्हाला माहीत नाही. ते सांगायचं आहे. अक्का माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे तुमच्याशीच बोलते.

तुमचं ते दोऱ्याचं प्रकरण कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं. एसटीच्या डेपोत तुम्ही आयुष्यभर गाड्यांची वेळापत्रकं बसवलीत. कुठली गाडी नांदगावहून किती वाजता सुटली म्हणजे कळवणची गाडी तिला मिळेल, हे तुम्हाला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. मग लोकांची पोरं परदेशी जायला लागली आणि तुम्हाला एसटी पुरेना. तुम्ही शाळेतल्या पोरांचा असतो तसला पृथ्वीचा गोल आणलात. अक्काच्या मशीनचा पांढरा दोरा घ्यायचा, एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबायचं, दुसरं टोक लंडन, शिकागो जे असेल तिथपर्यंत ताणायचं, मग तो दोरा फूटपट्टीवर मोजून अंतर काढायचं. विमानाचा वेग धरायचा, मधल्या थांब्याचे तास मिळवायचे, शेवटी मुंबई ते नाशिक टॅक्सी. "कसाऱ्याला ट्रक आडवा झाला नसेल तर," हे तुमचं पालुपद. विमान कधी आतून न बघितलेला माणूस कुणाचं विमान किती तासांत पोचेल ते छातीठोकपणे सांगायचा, आणि लोक ऐकायचे. कारण तुमचं चुकायचं नाही. लोक तिकीट घेऊन यायचे, अक्का चहा टाकायची, आणि तुम्ही चष्मा पुसत डॉक्टरसारखे बसायचात.

मला एक म्हातारे आठवतात, नामपूरचे, कांद्याच्या मार्केटला आले होते. कुणीतरी तुमचं नाव सांगितलं म्हणून शोधत आले. मुलगा दुबईला होता. खुर्चीवर बसायलाही तयार नव्हते. उभ्यानेच म्हणाले, "भाऊ, दुबई कितली दूर शे?"

तुम्ही दोरा काढलाही नाहीत. म्हणालात, "बाबा, तुम्हाला नामपूरहून इथं यायला जेवढा वेळ लागला ना, तेवढ्यात विमान मुंबईहून दुबईला जातं."

ते आधी हसले. टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाले, "मंग तो घर का बरं येस नही?"

तुम्ही त्यांना चहा घ्यायला लावलात, आणि मार्केटपर्यंत सोडायला स्वतः गेलात. तुमच्यातलं हे मी बघितलेलं आहे दाजी, नाही असं नाही.

आईला तर तुम्हीच सांभाळलंत. आमचे वडील लवकर गेले, आमचा धाकटा भाऊ सुहास तेव्हा शाळेत होता. मी पंचवटीत सासरी, माझ्या घरात मलाच जागा नव्हती. तुम्ही आईला आणि सुहासला घरी आणलंत. आई संकोचून म्हणाली, जावयाच्या घरी किती दिवस राहायचं? तर तुम्ही म्हणालात, "सासूबाई, ही गाडी शेवटच्या स्टॉपपर्यंतच आहे, मध्ये उतरता येणार नाही." तुम्हाला मूल नव्हतं. सुहासला तुम्ही सायकल शिकवलीत, त्याच्या दहावीला तुम्ही रजा काढलीत. तो शिकागोला गेला तेव्हा तुम्ही आईसाठी भिंतीवर दुसरं घड्याळ लावलंत, तिकडच्या वेळेचं. वर्षातून दोनदा तिकडे घड्याळं पुढेमागे करतात म्हणे, तर तुम्हीही स्टुलावर चढून ते पुढेमागे करायचात. आई पोळ्या लाटता लाटता वर बघायची आणि म्हणायची, आता सुहास निजला असेल. त्या घड्याळामुळे तिचे किती दिवस सुखाचे गेले, ते मी जवळून बघितलं.

मग आई गेली. मे महिना, शनिवारची संध्याकाळ. सुहासला कळवलं. बर्फाच्या लाद्या आणल्या. रविवारी सकाळी त्याचा फोन आला तो तुम्ही घेतलात. मी आईच्या डोक्याशी बसले होते. गणिताची शिक्षिका मी, पण त्या दिवशी मला कुणी सात आणि पाच किती विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. अप्पा आणि बाकीची वडीलधारी मंडळी अंगणात होती. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं, एकुलता एक मुलगा आहे, सोमवारी उजाडेपर्यंत थांबू, उन्हाळा आहे, त्यापुढे नको. तुम्ही फोन ठेवलात, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आकडे मांडलेत, आणि बाहेर जाऊन सांगितलंत, "सोमवार दुपारशिवाय नाही पोचत तो."

झालं. तुमचा शब्द म्हणजे वेळापत्रक. रविवारीच तिला नेली. अग्नी तुम्ही दिलात.

आणि सोमवारी पहाटे दारात टॅक्सी उभी राहिली.

अंगण धुतलेलं होतं. सुहास बॅग हातात घेऊन त्या ओल्या फरशीवर उभा राहिला आणि आत बघू लागला. मग तो ओरडला. "माझ्या आईचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीत मला!" शेजारची माणसं बाहेर आली. मी त्याला कवेत घेतलं. तो माझ्या खांद्यावर हमसून हमसून रडत होता आणि मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही दाराच्या चौकटीला टेकून उभे होतात. काय म्हणालात आठवतं? म्हणालात, "वारा मागून असणार. विमान लवकर आलं."

बस्स, एवढंच. त्याला जवळ घेतलं नाहीत, चुकलो म्हणाला नाहीत. वारा मागून असणार!

चौथ्या दिवशी मी सुहासचं तिकीट घेऊन बसले. तुमची चूक काढायला मला पाच मिनिटं लागली नाहीत. विमानाच्या तिकिटावर निघायची वेळ तिकडच्या घड्याळाची असते आणि पोचायची वेळ आपल्याकडची. दोन घड्याळांतला फरक त्यात आधीच धरलेला असतो. तुम्ही तो साडेदहा तासांचा फरक पोचायच्या वेळेत पुन्हा मिळवलात. रात्री मुंबईत उतरणारा माणूस तुमच्या कागदावर दुसऱ्या दिवशी सकाळी उतरला. नांदगावपासून नामपूरपर्यंत एकच घड्याळ चालतं, एसटीवाल्याला दुसरी सवय नाही, असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. अप्पा होते, सुहासही होता. तो मान खाली घालून बसला होता. मला वाटलं, दुःखाने.

तुम्ही म्हणालात, "तुझं गणित बरोबर आहे कुंदा. पण वारा मागून होता."

त्यानंतर मी तुम्हाला सोडलं नाही. बारा वर्षं. घरात मी तुमचं नावच वारा पाडलं. माझी पोरंसुद्धा म्हणायची, वारा आला. कळवणला लग्नात मुहूर्ताला उशीर होत होता, तेव्हा मी भर मांडवात म्हणाले, "आमच्या दाजींना विचारू नका, ते म्हणतील उद्या दुपारशिवाय लग्न लागत नाही." लोक खूप हसले. तुम्हीही हसलात. अक्का उठून आत गेली. तेव्हा मला वाटलं, नवऱ्याची बाजू घेतेय.

लोक तिकिटं घेऊन यायचे थांबले. ते तर होणारच होतं. ज्याने सासूच्या मयतीला हिशेब चुकवला, त्याला कोण विचारणार? ग्लोब कपाटावर गेला. तुम्ही निवृत्त झालात, आणि ज्या खुर्चीवर बसून तुम्ही लोकांना शिकागो दाखवायचात तिथे बसून शेंगा सोलायला लागलात. मला वाईट वाटलं नाही. मला बरं वाटलं. हे आज लिहितानाही खोटं लिहिणार नाही.

पुढे कॉलेजरोडला सायबर कॅफे निघाले. माझ्या मुलाने मला एक साइट दाखवली. दोन विमानतळांची नावं टाकायची, की खाली त्यांच्यातलं अंतर आणि उडायला लागणारे तास येतात. मी मुंबई आणि शिकागो टाकलं, छापून घेतलं आणि रिक्षा करून मुद्दाम नाशिकरोडला आले. तो कागद तुमच्यासमोर ठेवला. "घ्या, आता दोऱ्याची गरज नाही. मशीनसुद्धा तुमच्यापेक्षा शहाणं निघालं."

तुम्ही चष्मा लावलात. आधी अंतर बघितलंत. तुमच्या दोऱ्याने निघालेल्या अंतरात आणि त्या छापील अंतरात मुंबई ते नाशिक एवढाही फरक नव्हता, तो तुमच्या लगेच लक्षात आला, कारण तुमचा चेहरा क्षणभर खुलला. मग तास बघितलेत आणि म्हणालात, "हे विमान सरळ चाललंय. थांबे कुठेयत? थांब्याशिवाय कुठली गाडी असते?"

"थांबे असू देत," मी म्हणाले. "यात कुणी साडेदहा तास दोनदा नाही धरले."

तुम्ही कागदाची घडी केलीत आणि चहाच्या कपाखाली ठेवलीत. कागदावर कपाचा गोल वळ उमटला. मी जिंकून घरी गेले.

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेला, तुम्ही मला गच्चीवर बोलावलंत. दम लागत होता तुम्हाला, जिन्यात दोनदा थांबलात. म्हणालात, "मास्तरीणबाई, एक उदाहरण घालू का? शांतपणे सोडवायचं पण. चिडायचं नाही."

मी म्हणाले, "तुम्ही? मला? उदाहरण?"

तुम्ही हसलात. कठड्यावर हात ठेवून खाली बघत राहिलात आणि म्हणालात, "जाऊ दे. तुला चिडल्याशिवाय जमायचं नाही." आपण खाली आलो. मी करंजी खाल्ली. त्या दिवशी मी दोन मिनिटं तोंड बंद ठेवलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं, असं आता रोज वाटतं. पण मग तुम्हीही तितके हट्टी का होतात? एकदा नाही ऐकलं तर दुसऱ्यांदा सांगायचं ना. दंडाला धरून सांगायचं. तुम्ही एसटी नव्हतात दाजी, वेळ झाली की निघायला.

पण निघालातच. सकाळी आंघोळ करून कपडे घातलेत, अक्काला म्हणालात जरा पडतो, आणि झालं. मी पंचवटीहून पोचले तेव्हा तुम्ही हॉलमध्ये होतात. पुन्हा लाद्या आल्या. अंगणात तीच मंडळी, फक्त म्हातारी झालेली. अग्नी कुणी द्यायचा हा प्रश्न निघाला. अप्पा म्हणाले, माझा मुलगा देईल. अक्का म्हणाली, "नाही. सुहास. ह्यांनी त्याला मुलासारखा वाढवला. त्याच्यासाठी थांबायचं." आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कारण आता हिशेब सांगणारी मीच उरले होते.

मला आनंद झाला, दाजी. खरंच झाला. मी मनात सगळं मांडलं होतं. त्याला तिकडच्या संध्याकाळचं विमान मिळालं तर तो आपल्याकडे परवा उजाडता उजाडता पोचत होता. आता लाद्यांबरोबर गार ठेवायची पेटीही भाड्याने मिळते, थांबणं अवघड नव्हतं. तुम्ही त्याला आईचं तोंड दाखवलं नाहीत, मी त्याला तुमचं दाखवणार होते, आणि बरोबर हिशेब कसा करतात ते तुमच्या डोक्याशी उभं राहून जगाला सांगणार होते.

मी मोबाईल घेऊन मागच्या दारी गेले. सुहासने लगेच उचलला. रडत होता. मी विमानाची वेळ सांगितली. म्हटलं, "जागा आहे, मुलाने बघितलंय. तू फक्त नीघ. आम्ही थांबतो."

"ताई, थांबू नका गं."

"का?"

"मी येतो. दहाव्याला येतो. पण तसं नाही बघवणार मला त्यांना. मला नाही जमत ते." मग म्हणाला, "लोकांना काहीतरी सांग ना. पुढचं विमान चुकतंय, उशीर होईल, असं काहीतरी. आईच्या वेळी दाजींनी घेतलं होतं ना सांभाळून, तसं."

मागच्या दारी तुमची मोरी आहे, तिथल्या कट्ट्यावर मी बसले.

"काय घेतलं होतं सांभाळून?"

तो नाक ओढत राहिला.

"सुहास. काय?"

"मला वाटलं, अक्काने तुला कधीच सांगितलं असेल," तो म्हणाला. "मीच म्हटलं होतं फोनवर, थांबू नका म्हणून. ते म्हणाले, एकुलता एक मुलगा नको म्हणाला हे लोकांना कसं सांगू, तुझं तोंड काळं होईल. म्हणाले, बघतो मी. मुंबईत थांबून दुपारी ये म्हणाले होते, पण मला नाही थांबवलं तिथे. टॅक्सी केली आणि आलो."

"आणि दारात येऊन ओरडलास कशाला मग? त्यांच्या अंगावर?"

"सगळे बघत होते गं," सुहास म्हणाला.

मी फोन बंद केला. ज्याच्या भिंतीवर दोन घड्याळं, जो वर्षातून दोनदा स्टुलावर चढून त्यातलं एक पुढेमागे करतो, तो माणूस साडेदहा तास दोनदा धरेल? मला, गणिताच्या बाईला, बारा वर्षांत एकदाही हा प्रश्न पडला नाही. कारण तुम्ही मूर्ख असणं मला हवं होतं. आईला धरून रडता आलं नाही, तर निदान तुम्हाला धरून भांडता येत होतं.

आणि तरी त्या कट्ट्यावर बसून मला तुमची दया नाही आली. राग आला. तुमचा आधी आला, त्याचा नंतर. काय हक्क होता तुम्हाला? त्याचं तोंड उजळ ठेवायला तुम्ही मला बारा वर्षं भलत्याच माणसावर भुंकत ठेवलंत. मांडवात मी बोलले तेव्हा हसलात. कागद समोर टाकला तेव्हा चहा पाजलात. मला एकदा गप्प करायला काय झालं होतं? तुम्ही चांगले होतात म्हणून मला वाईट करून ठेवलंत दाजी. हे मी तुम्हाला माफ करणार नाही. तुम्हाला त्याने फरक पडत नसेल, पण करणार नाही.

मी उठले आणि पुढे आले. हॉल भरलेला होता, दारातही माणसं होती. अप्पांनी विचारलं, "काय म्हणतोय? कधीपर्यंत पोचतो?"

अक्का तुमच्या पायाशी बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं, आणि बारीकशी मान हलवली. नाही अशी. मला ती खूण कळली. कळूनही मी बोलले.

"परवा पहाटे पोचू शकतो," मी म्हणाले. "पण तो येत नाहीये. त्याला बघवत नाही म्हणे. आईच्या वेळीही त्यानेच नको सांगितलं होतं. दाजींचा हिशेब चुकला नव्हता. खोटं बोलले ते, त्याच्यासाठी. बारा वर्षं तुम्ही आम्ही सगळे ज्याला हसलो ना, तो हा माणूस."

अप्पांनी टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं, मी तुमचं देणं फेडलं. भर माणसांत तुमचं नाव धुऊन दिलं.

अक्का रडत नव्हती. तिने तुमच्या पायावरची चादर नीट केली, दोन्ही पाय झाकले, आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्यांना नेईपर्यंत तरी थांबायचं होतंस कुंदे."